एक्सएसएलटी शिकताना आधी ‘फॉर-ईच’ की आधी टेम्प्लेट?

कंसातला

नव्याने येणाऱ्यांना एक्सएसएलटी शिकवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. एक्सएमएल दस्तऐवज (टॅग लावून भाग पाडलेला मजकूर) घ्यायचा, त्यावर स्टाइलशीट (रूपांतराचे नियम लिहिलेली फाइल) चालवायची आणि एचटीएमएल किंवा दुसऱ्या रचनेचं एक्सएमएल काढायचं, एवढंच ते काम. माझा एक नियम आहे आणि दर तुकडीत त्यावरून भांडण होतं: पहिले दोन आठवडे ‘फॉर-ईच’, म्हणजे निवडलेल्या प्रत्येकासाठी तेच काम करणारा लूप, बंद. फक्त टेम्प्लेट (अमुक भाग दिसला की काय करायचं त्याचा नियम) आणि ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ (आतल्या भागांना त्यांचे नियम लाव, ही आज्ञा).

कारण सांगतो. दुसरी एखादी भाषा येणारा माणूस ‘फॉर-ईच’ पाहतो आणि त्याला हायसं वाटतं. लूप सापडला! मग तो मोजणीसाठी व्हेरिएबल घेतो, प्रत्येक फेरीत त्यात एक मिळवायला जातो आणि आपटतो, कारण इथे व्हेरिएबलची किंमत एकदा ठरली की बदलत नाही. तिथून पुढे तो भाषेला शिव्या घालत शिकतो.

पण खरं दुखणं वेगळं आहे. माझी पहिली मोठी स्टाइलशीट सहाशे ओळींची होती. प्रत्येक प्रकरणासाठी फॉर-ईच, त्यात प्रत्येक विभागासाठी फॉर-ईच, त्यात परिच्छेद. नमुन्याच्या फायलींवर झकास चालली. मग एका लेखकाने सूचनेच्या चौकटीत यादी टाकली आणि यादीतल्या एका मुद्द्यात पुन्हा चौकट. माझ्या लूपांना ती जागा माहीतच नव्हती. चूक नाही, इशारा नाही, मजकूर गायब. छपाईला गेल्यावर कळलं.

टेम्प्लेटने लिहिलं असतं तर ‘चौकट दिसली की हे कर, यादी दिसली की ते कर’ एवढंच सांगायचं होतं. कोण कोणाच्या पोटात आहे ते दस्तऐवज स्वतः सांगतो. आणि ज्या एलिमेंटसाठी (टॅगने बांधलेल्या भागासाठी) टेम्प्लेटच नाही, त्याचा मजकूर भाषेच्या अंगभूत नियमांमुळे निदान साधा तरी बाहेर पडतो. पूर्ण रिकामी स्टाइलशीट चालवून बघा: सगळे टॅग गळतात, अक्षर न् अक्षर उरतं. माझा पहिला तास या रिकाम्या स्टाइलशीटचाच असतो.

खटपट्या

साफ असहमत. तुमच्या सहाशे ओळींचा दोष फॉर-ईचचा नाही, रचना आधी न वाचण्याचा आहे.

सगळे काही पुस्तकं छापत नाहीत. माझ्याकडे येणारं एक्सएमएल म्हणजे बिलं, मालाच्या याद्या, मोजमापांच्या नोंदी. रचना ठरलेली, खोली ठरलेली. तिथे ‘प्रत्येक नोंदीसाठी एक ओळ’ हेच काम असतं आणि फॉर-ईच ते वाचता येईल असं सांगतो. वरून खाली वाचत गेलं की आउटपुट डोळ्यासमोर उभं राहतं. टेम्प्लेटवाल्यांची स्टाइलशीट वाचणं म्हणजे चोराच्या मागावर फिरणं. हा परिच्छेद कोणत्या टेम्प्लेटने छापला? एकाला दोन टेम्प्लेट जुळले तर जास्त प्राथमिकतेचा जिंकतो: नुसत्या नावाच्या टेम्प्लेटची शून्य, अट लावली की ०.५, ‘कोणतंही एलिमेंट’ म्हणणाऱ्या तारांकिताची उणे ०.५. दोघांची सारखी निघाली तर बहुतेक प्रोसेसर (स्टाइलशीट चालवणारे प्रोग्रॅम) फायलीत शेवटी असलेला उचलतात. म्हणजे कोणी तरी शेवटी चार ओळी चिकटवल्या की भलतीकडचं पान बिघडतं. नवख्याला हे पहिल्या दिवशी द्यायचं?

आणि ‘निदान मजकूर तरी बाहेर पडतो’ हा गुण कसा? माझ्या आउटपुटमध्ये कुठल्या तरी अंतर्गत शेऱ्याचा मजकूर असाच सांडला होता. तोही छपाईला गेल्यावरच कळला.

भंगारवाला

दोघेही बुडत्या जहाजावर खुर्च्यांची जागा ठरवताय. एक्सएसएलटी १.० आलं नोव्हेंबर १९९९ मध्ये. २.० यायला २००७ उजाडलं, ३.० यायला २०१७. ब्राउझर तर १.० च्या पुढे कधी सरकलेच नाहीत, आणि २०२५ मध्ये क्रोमने तेही काढून टाकायचं जाहीर केलं. नव्या माणसाचे दोन आठवडे वाया घालवण्यापेक्षा पायथन शिकवा. एक्सएमएल वाचा, झाडावर फिरा, हवं ते लिहा.

जुळारी

भंगारवाले, ब्राउझरचं तुमचं बरोबर आहे. पण माझं प्रकाशनाचं काम ब्राउझरमध्ये कधी चालतच नव्हतं. संशोधन-लेखांचं जॅट्स, हस्तलिखितांच्या आवृत्त्यांसाठीचं टीईआय, तांत्रिक पुस्तिकांचं डिटा, यांच्या मागे अजूनही स्टाइलशीटच राबतात. सॅक्सन या प्रोसेसरची मोफत आवृत्ती घेतली तर ३.० मिळतं. १.० वर अडकायचं कारण तुमच्या साखळीत एक्सएसएलटीप्रॉक हा १.० चाच प्रोसेसर असेल तरच.

आता पायथन. मी स्वतः करून पाहिलंय म्हणून सांगते. ‘हा शब्द *तिरपा* आहे असं समजा’ असं एक वाक्य घ्या, त्यात ‘तिरपा’ला टॅग. पायथनच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल वाचायच्या लायब्ररीमध्ये ‘हा शब्द’ हे परिच्छेदाच्या ‘टेक्स्ट’मध्ये सापडतं, आणि ‘आहे असं समजा’ हे परिच्छेदात नाही, तर तिरप्या एलिमेंटच्या ‘टेल’मध्ये! शेपटी विसरलात की अर्धं वाक्य गेलं. बहुतेक जण पहिल्या वेळी विसरतात. मी दुसऱ्यांदाही विसरले. मजकुरात टॅग मिसळलेले असतात तिथे एक्सएसएलटी घरच्यासारखं वागतं, मजकूर आणि एलिमेंट सरळ एकापुढे एक नोड, म्हणजे झाडातले तुकडे.

खटपट्यांच्या बिलांत असा मिसळलेला मजकूर नसतोच. म्हणून त्यांना फॉर-ईच पुरतो. तुम्ही दोघं एकाच अवजाराबद्दल नाही, दोन वेगळ्या मालांबद्दल भांडताय.

खटपट्या

अर्धं मान्य. पण मग ‘बंद’ कशाला? दोन्ही शिकवा, माल बघून वापरा.

कंसातला

कारण दोन्ही एकदम दिले तर माणूस ओळखीचंच उचलतो, आणि दुसरं पुढे कधीच शिकत नाही. अनुभव आहे.

शेरा सांडल्याचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ३.० मध्ये आहे: ‘मोड’च्या (टेम्प्लेटच्या एका गटाला दिलेल्या नावाच्या) घोषणेत टेम्प्लेट न सापडल्यास काय करायचं ते सांगता येतं. जसंच्या तसं उतरव, वगळ, किंवा सरळ थांब. मी हल्ली ‘थांब’ लावून देतो. अनोळखी एलिमेंट आलं की काम तिथेच अडतं, छपाईपर्यंत जात नाही. मजकुराच्या नोडलाही तेवढा एक टेम्प्लेट लिहावा लागतो, नाहीतर पहिल्याच अक्षराला थांबेल.

नवशिकी

मध्येच बोलते, माफ करा. मी कंसातला यांच्या पद्धतीने सुरू केलंय. शीर्षक, परिच्छेद, तळटीप, सगळ्यांना टेम्प्लेट लिहिले. आउटपुटमध्ये एकही टॅग नाही, सगळा मजकूर एकाला एक चिकटून आलाय. दस्तऐवज डॉकबुक ५ या पुस्तकांसाठीच्या एक्सएमएल रचनेचा आहे. दोन दिवस गेले.

जुळारी

नेमस्पेस. डॉकबुक ५ मधल्या सगळ्या एलिमेंटना नेमस्पेस (नाव कोणत्या शब्दसंग्रहातलं ते सांगणारी ओळख) आहे, ४ मधल्यांना नव्हती. तुमच्या टेम्प्लेटमधलं उपसर्ग नसलेलं नाव ‘नेमस्पेस नसलेलं एलिमेंट’ असंच वाचलं जातं. म्हणून एकही टेम्प्लेट जुळला नाही आणि अंगभूत नियमांनी सगळा मजकूर ओतला. स्टाइलशीटच्या मुळाशी ती नेमस्पेस एखाद्या उपसर्गाने जाहीर करा आणि प्रत्येक नावापुढे तो लावा. २.० किंवा पुढचं वापरत असाल तर एक्सपाथसाठीची (एलिमेंट निवडायच्या भाषेसाठीची) डीफॉल्ट नेमस्पेस एकदाच सांगता येते.

खटपट्या

फॉर-ईच असता तर आउटपुट कोरं आलं असतं आणि दोन दिवसांऐवजी दोन मिनिटांत शंका आली असती. फक्त नोंदवून ठेवतो.

कंसातला

कोरं पाहून नेमस्पेसच आठवते होय? मी तर फाइलचा रस्ताच तपासत बसलो असतो.

नवशिकी

जमलं!! आता पुढचं. तळटीप परिच्छेदाच्या मधोमध लिहिलेली आहे. मला तिथे फक्त आकडा हवाय आणि मजकूर पानाच्या शेवटी. आत्ता पूर्ण टीप वाक्याच्या मध्येच छापली जाते.

कंसातला

तळटिपेसाठी दोन टेम्प्लेट करा. साध्या टेम्प्लेटमध्ये फक्त ‘नंबर’ ही मोजणीची आज्ञा, तिची पातळी ‘एनी’ ठेवा म्हणजे दस्तऐवजभर सलग मोजेल. दुसऱ्याला मोड द्या, नाव काहीही, ‘शेवटी’ चालेल. त्यात मजकूर. मग शेवटी सगळ्या तळटिपा निवडून त्याच मोडने अप्लाय-टेम्प्लेट्स.

खटपट्या

किंवा शेवटी एक फॉर-ईच: सगळ्या तळटिपा, प्रत्येकीची एक ओळ. मोड नको, दुसरा टेम्प्लेट नको.

कंसातला

…इथे चालेल. पण त्यांचे दोन आठवडे संपले नाहीत.

नवशिकी

सॉरी, फॉर-ईचने केलं. लगेच झालं. एकच अडचण: टिपांमधली पुस्तकांची नावं तिरपी होती, ती सरळ आलीत.

जुळारी

लूपच्या आत ‘व्हॅल्यू-ऑफ’ लिहिलंय ना? ते आतल्या टॅगसकट सगळ्याची एक सपाट ओळ करतं. त्या जागी अप्लाय-टेम्प्लेट्स घाला, फॉर-ईच राहू द्या.