हाडांत पोकळ्या, कॅल्शियम १२.४. कॅन्सरच असेल का?

सोनचाफा_बार्शी
नमस्कार. आईचं वय ५६. वर्षभर कंबर आणि मांड्या दुखतायत, जिना चढायचा तर कठडा धरून एकेक पायरी. वय झालं, वात असेल, असं म्हणत दिवस काढले. परवा मोरीत पाय सरकला, मांडी फारच दुखायला लागली म्हणून एक्सरे काढला, तर हाडात पोकळी. मग एमआरआय: 'हाडांत अनेक लिटिक लीजन्स, मेटास्टॅसिसची शक्यता', म्हणजे दुसरीकडचा कॅन्सर हाडांत पसरून पोकळ्या पडल्या असाव्यात. पेट स्कॅनमध्ये मांडी, कमरेचं हाड, दोन बरगड्या आणि खालचा जबडा चमकतोय. पण मूळ गाठ म्हणावी असं छातीत, पोटात, स्तनात कुठेच काही नाही.

रक्तात कॅल्शियम १२.४ म्हणजे जास्त, फॉस्फरस १.९ म्हणजे कमी, अल्कलाइन फॉस्फेटेज ११८० म्हणजे फारच जास्त, क्रिएटिनिन १.० ठीक. मूतखडा पूर्वी दोनदा झालाय. सोमवारी बायोप्सी आहे, आणि हाडं बळकट करायचं सलाईन त्याआधीच लावू म्हणतायत. घरात रडारड चाललीय. कॅन्सर सोडून दुसरं काही असू शकतं, की मीच माझी समजूत घालतेय?

घाटमाथा
थेट परळला टाटामध्ये फाइल दाखवा. माझ्या सासऱ्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरला होता, पण त्यांच्या एक्सरेत पोकळ्या नव्हत्या, उलट पांढरे दाट डाग होते. तुमचं चित्र वेगळं वाटतंय. बाकी जाणकार सांगतीलच.

मिरजेचा_लॅबवाला
ताई, एवढे आकडे दिलेत, त्यात पीटीएच कुठाय? पॅराथायरॉइड हार्मोन. केलंच नसेल तर बायोप्सीच्या आधी ते करा. मी डॉक्टर नाही, आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलं, तेव्हा लॅबच्या बाजूनं सांगतो.

गळ्यात थायरॉइडच्या मागे चार बारक्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट असतो ना, तसं त्यांचं काम. रक्तात कॅल्शियम पुरेसं झालं की त्या पीटीएच सोडायचं थांबवतात. कॅन्सरनं हाड पोखरून कॅल्शियम रक्तात आलं, तर या ग्रंथी गप्प बसतात आणि पीटीएच तळाला जातं. पण यांतल्याच एका ग्रंथीला गाठ आली, तर कॅल्शियम १२ झालं तरी पीटीएच चढतच राहतं. ते हार्मोन हाडातलं कॅल्शियम उपसतं, हाडात पोकळ्या पडतात. त्यांना ब्राऊन ट्यूमर म्हणतात, आणि तो कॅन्सर नव्हे. गंमत अशी की पेट स्कॅनमध्ये त्याही झकास चमकतात.

रेडिओलॉजिस्टला दोष देऊ नका. चिठ्ठीवर नुसतं 'हाडदुखी' लिहून आलं, तर ५६ वर्षांच्या बाईच्या हाडात एवढ्या पोकळ्या बघून तो आधी मेटास्टॅसिसच लिहिणार. या वयात जास्त करून तेच निघतं.

आमच्याकडे एक ऊसतोड करणारा गडी आला होता, तिशीचा. पायाचं हाड मोडलेलं, चिठ्ठीवर कॅन्सरचा संशय. ऑर्थोचे सर जुन्या वळणाचे, त्यांनी हाताच्या पंजाचा एक्सरे मागवला. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेराची अंगठ्याकडची कड कुरतडलेली. सरांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "याचं पीटीएच पाठव." दोन खोल्यांपलीकडे त्याची बायको कॅन्सरला खर्च किती येतो ते विचारत बसली होती. पीटीएच हजाराच्या वर आलं. पंजाचा एक्सरे स्वस्त असतो, तुम्हीही काढून घ्या.

सँपलचं नीट ऐका. कॅल्शियम, अल्ब्युमिन आणि पीटीएच एकाच वेळी द्या, वेगवेगळ्या दिवशी नको. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, काही मशीनवर त्यानं पीटीएच खोटं कमी येतं. आणि ते सलाईन लागायच्या आधी रक्त काढून घ्या. एकदा ते लागलं की कॅल्शियम उतरतं, पीटीएच वर सरकतं, मग वाचणाऱ्याची पंचाईत.

एंडोवाली
काकांनी बरोबर सांगितलंय. मी एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या विभागात काम करते, थोडी भर घालते.

पीटीएच वाढलं की फॉस्फरस उतरतो खरा, पण फॉस्फरस कमी आहे एवढ्यावर खूश होऊ नका. काही कॅन्सर पीटीएचसारखंच एक प्रथिन सोडतात, त्यानंही फॉस्फरस उतरतो. मात्र तेव्हा खरं पीटीएच दबलेलं असतं. पीटीएच दबलेलं आलं तर मायलोमासाठी, म्हणजे अस्थिमज्जेच्या कॅन्सरसाठी, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या तपासण्या कराव्याच लागतील. व्हिटॅमिन डीची ६ लाखांची इंजेक्शनं कुणी लागोपाठ ठोकलीत का, तेही विचारा. हाडदुखीला ती सर्रास देतात आणि त्यानंही कॅल्शियम वाढून पीटीएच दबतं.

बायोप्सी झालीच तर पॅथॉलॉजिस्टला कॅल्शियम-पीटीएचचे आकडे लिहून द्या. ब्राऊन ट्यूमर आणि जायंट सेल ट्यूमर ही हाडातली वेगळीच गाठ, दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखेच दिसतात. आणि पीटीएच जास्त आलं म्हणून कॅन्सर नाहीच असंही ठरत नाही, एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. मॅमोग्राफी झाली नसेल तर करून टाका.

आईला गुंगी, उलट्या, बडबड असं काही सुरू झालं तर सोमवारची वाट बघू नका.

सोनचाफा_बार्शी
पीटीएच ९८४ आलं! नॉर्मल ६५ पर्यंत. व्हिटॅमिन डी ९. सलाईन थांबवलंय, बायोप्सी पुढे ढकलली. मॅमोग्राफी ठीक आहे. आता काय? दूध आणि शेवगा बंद करायचा का? मावशीनं कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा पाठवलाय.

एंडोवाली
आता गळ्याची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन, कुठली ग्रंथी ते शोधायला. मग ऑपरेशन, आणि ते नेहमी पॅराथायरॉइड करणाऱ्या सर्जनकडेच. गाठ निघाल्यावर पुढचे काही दिवस उपाशी हाडं कॅल्शियम ओढून घेतात, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी कॅल्शियम शिरेतून द्यावं लागतं. आईचं अल्कलाइन फॉस्फेटेज एवढं चढलेलं पाहता सर्जनना याची आधीच कल्पना द्या. पोकळ्या पुढच्या काही महिन्यांत भरत येतात. तोवर मांडीवर भार नको, वॉकर घ्या. जबड्यातल्या गाठीसाठी कुणी दात काढायला निघालं तर थांबवा.

दूध-ताक बंद करू नका, पाणी भरपूर द्या. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यातल्या थायाझाइड प्रकारानं कॅल्शियम आणखी वाढतं.

मिरजेचा_लॅबवाला
शेवगा खाऊ द्या. मावशींचा डबा मात्र ऑपरेशन होईपर्यंत फडताळात वर ठेवा, नंतर लागेल.