पालिकेला प्रायोगिक चाचणी फुकट करून द्यावी का?

प्रश्न (चिंचोळी एमआयडीसी):
नमस्कार. जलवाहिनीतील दाब मोजून गळती नेमकी कोणत्या टप्प्यात आहे हे सांगणारे यंत्र आमच्या चार माणसांच्या कारखान्याने तयार केले आहे. उजनी धरणात पाणी असूनही सोलापूरकरांच्या नळाला ते काही दिवसांआडच येते, त्यामुळे गरज समजावून सांगावी लागत नाही. जिल्ह्यातील एका नगरपालिकेने ‘सहा महिने विनामूल्य बसवून दाखवा, मग पाहू’ असे तोंडी सांगितले आहे. निविदेत मात्र पूर्वीच्या कामाचा अनुभव मागतात. काय करावे?

उत्तर १ (होटगी रोड):
कागदाशिवाय एक स्क्रूसुद्धा पिळू नका. आम्ही दिवाबत्तीच्या खांबांवर बारा नियंत्रक असेच बसवले होते. साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हे डबे कोणाचे?’

उत्तर २ (अक्कलकोट रोड):
केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १७३ नुसार, गुणवत्ता आणि तांत्रिक निकष पूर्ण होत असतील तर स्टार्टअपसाठी पूर्वानुभव व उलाढालीची अट शिथिल करता येते; पण ‘करता येते’ म्हणजे ‘करावीच लागते’ नव्हे, शिवाय तो नियम केंद्रीय खरेदीचा आहे, नगरपालिकेला तो आपोआप लागू होत नाही. म्हणून राज्याचा मार्ग पाहा. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झालेल्यांना शासकीय विभागात प्रायोगिक कामासाठी ठरावीक रकमेपर्यंतचा कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) मिळतो. रकमेपेक्षा काम संपल्यावर मिळणारे पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मोलाचे, कारण पुढच्या निविदेत तेच जोडायचे असते.

उत्तर ३:
आदेशात ‘स्वीकृती’ कशाला म्हणायचे ते लिहून घ्या: किती ठिकाणी, किती दिवस, किती अचूकता. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा २००६ नुसार लेखी करारातही देयकाची मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारलाच असे मानले जाते. उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र आधीच करून ठेवा.

आणखी एक. व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये पावसाळ्यात गुडघाभर गाळपाणी असते, तेव्हा यंत्राचे झाकण कारखान्यातल्या टेबलावर नव्हे, तिथे तपासा. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी ओळख करून घ्या. दाब कधी आणि का पडतो हे अभियंत्याआधी त्याला कळते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. उद्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी प्रस्ताव देतो. सहा महिन्यांऐवजी एका झोनपुरते साठ दिवस, आणि नाममात्र का होईना, पण रक्कम लिहिलेला आदेश मागतो. चेंबरमध्ये आज दुपारीच उतरून पाहतो.