‘ॲलिस’मधील तर्क आणि असंबद्धता : जाणकारांची मदत हवी आहे

लुईस कॅरोल यांच्या १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲलिस’ (‘ॲलिस इन वंडरलँड’) या कादंबरीवर अकरावीच्या तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मी टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर माझे मत पक्के होत नाही. लेखक ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवत आणि पुढे त्यांनी तर्कशास्त्रावरही पुस्तके लिहिली, त्यामुळे या कादंबरीतील वेडगळपणा सहज सुचलेला असेल, असे मला वाटत नाही.

मान लांबलचक झालेल्या ॲलिसला कबुतरीण साप ठरवते, कारण साप अंडी खातात आणि मुलीही खातात; येथे अव्याप्त मध्यपदाचा दोष, म्हणजे दोन गोष्टींत एक गुण समान आहे एवढ्यावरून त्या एकच मानण्याची चूक, स्पष्ट दाखवता येतो. परंतु चहापानाचा प्रसंग मला अडवतो. अजून काहीच घेतलेले नाही, तेव्हा ‘आणखी’ चहा कसा घेणार, असे ॲलिस म्हणते, त्यावर टोपीवाला सांगतो की, काहीच न घेतलेल्याला कमी घेता येणार नाही, जास्त घेणे मात्र अगदी सोपे आहे. शून्याचा विचार केला तर त्याचे म्हणणे बिनचूक आहे, आणि तरीही ऐकणाऱ्याला ते विपरीतच वाटते!

मग असंबद्धता म्हणजे तर्क मोडणे, की व्यवहाराचे भान सोडून तो शेवटपर्यंत ताणणे? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, पण कबुतरिणीचे उदाहरण त्यात बसत नाही. दोन्ही प्रसंगांना लागू पडेल अशी मांडणी कोणी सुचवू शकेल का? या विषयावर मराठीत काही लेखन झाले असल्यास तेही कृपया कळवावे.