सरासरी पावसावर विसंबू नका

वर एकांनी लिहिलंय की नाशिकला चांगला पाऊस, गोदेवर धरण, मग वाळवंटीकरण (म्हणजे जमिनीचा कस जाऊन ती नापीक होत जाणं) हा राजस्थानचा विषय. जिल्ह्याची सरासरी काढली की इगतपुरीचा पाऊस येवल्याच्या खात्यात जमा होतो, एवढंच होतं. घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. आकडा तालुक्याचा घ्या, जमलं तर गावाचा.

आणि हा धोका मोजताना पाऊस हा चार घटकांपैकी एकाचा, हवामानाचा, नुसता एक भाग. युरोपात भूमध्य समुद्राकाठच्या देशांसाठी बसवलेली ‘मेडालस’ पद्धत माती, हवामान, वनस्पतींचं आच्छादन आणि जमिनीची वापरणूक, अशा चौघांना १ ते २ गुण देते (२ म्हणजे सर्वांत वाईट). चौघांचा गुणाकार करून चौथं मूळ काढायचं; १.३८च्या पुढे गेलं की जमीन गंभीर गटात. हवामानात नुसता पाऊस नाही, बाष्पीभवनही धरतात.

आमच्या मामांच्या शेतात, सिन्नरकडे, उतारावर विहिरीचा काठ ढासळला तेव्हा मातीचा थर उघडा दिसला. वरची माती जेमतेम वीतभर, खाली थेट मुरूम. बांधावरच्या कडुनिंबाच्या मुळ्या हातभर उघड्या. मामा म्हणाले, ‘लहानपणी या मुळ्या दिसत नव्हत्या रे.’ उपग्रहाच्या चित्रात मात्र तेच शेत पावसाळ्यात हिरवंगार! म्हणून एकाच हंगामाच्या चित्रावर निकाल देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राचा २०२१चा नकाशासंग्रह जरूर बघा. त्यात देशाची २९.७७ टक्के जमीन ऱ्हास झालेली दाखवलीय. पण तो झालेला ऱ्हास. पुढे कुठे होईल ते वरच्या मेडालसच्या गणितातून काढावं लागतं.