हक्कसोडीवरचा माहितीपट गंगापूर रोडला दाखवून काय उपयोग?

गोदाकाठची:
रविवारी नाशकात स्त्री हक्क चित्रपट महोत्सवाला दिवसभर बसले. उद्घाटनाच्या भाषणात दादासाहेब फाळके आलेच. त्र्यंबकचा माणूस, इथे सिनेमाचं काही असलं की येतातच. त्यांच्याच १९१३च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम केलेल्या दुर्गाबाई कामत, भारतीय सिनेमातल्या पहिल्या अभिनेत्री, मात्र कुणाला आठवल्या नाहीत. तेही बायकांच्या महोत्सवात! असो.

मनात राहिला तो हक्कसोड पत्रावरचा, म्हणजे बहिणी वडिलोपार्जित जमिनीतला वाटा भावासाठी सोडून देतात त्या कागदावरचा, छोटा माहितीपट. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर दोन बहिणी. भाऊ येतो, उसाचा रस आणि साड्यांच्या दोन पिशव्या घेऊन. सह्या होतात, अंगठे होतात. बाहेर आल्यावर धाकटी अंगठ्याची शाई पदराला पुसत राहते. रडत कुणीच नाही. शेजारच्या बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला पैठणी घेतली होती, येवल्याहून. चांगली निघाली हो."

पण हॉलमध्ये आम्ही कोण? गंगापूर रोड, कॉलेज रोड, शहरातल्या सुखवस्तू वस्त्यांतल्या. निफाड-दिंडोरीकडच्या गावातली एखाददुसरी. हे पडदे गावात, देवळासमोर लागले पाहिजेत.

सातपूरकर:
अजिबात पटलं नाही. देवळासमोर पुढच्या सतरंजीवर तिचा भाऊच बसलेला असणार. त्याच्या देखत ती काय बोलणार? त्यापेक्षा शहरातला अंधार बरा. तुमच्या शेजारच्या बाई बोलल्या त्या तिथेच ना?

द्राक्षबागवाला:
एकतर्फी चाललंय. मी निफाडचा, दोन बहिणींचा भाऊ. सोसायटीचं कर्ज माझ्या डोक्यावर, गारपीट झाली की मीच बसतो कपाळाला हात लावून. लग्नं आम्हीच लावून दिली. तीन एकरांचे आणखी तुकडे करायचे का? सातबारा मिळेल, माहेर जाईल.

काळा कोट:
लग्नाचा खर्च म्हणजे वाटा नव्हे. महाराष्ट्रात १९९४पासून आणि देशभर २००५पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे. बाप २००५ला हयात होता की नव्हता, हा वादही सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये मुलींच्या बाजूने मिटवला. कर्जाचा हिशोब वाटणीत मांडता येतो, मांडा की. माझ्याकडे बायका येतात त्या सही झाल्यावर. नोंदणी झालेलं हक्कसोड रद्द करून घेणं महाकठीण. म्हणून कुठेही दाखवा, पण सहीच्या आधी दाखवा.

गोदाकाठची:
@सातपूरकर, गावात बाई बोलत नाही म्हणता? १९८६ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं, आपल्याच जिल्ह्यात. लोटल्या होत्या बायका. पुढे संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम आणली, कितीतरी शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावावर केली.

सातपूरकर:
बायकोच्या! म्हणजे जमीन घरातच राहिली. बहिणीच्या नावावर करायची मोहीम कुणी काढली?

गोदाकाठची:
हं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी पडदा गावात लागावा, हे सोडत नाही. फक्त बायकांसाठी, दुपारचा, शाळेच्या खोलीत लावा.

काळा कोट:
@द्राक्षबागवाला, तुकड्यांची काळजी भावाभावांच्या वाटणीत कुठे जाते हो?

द्राक्षबागवाला:
आमची झाली ना. मोजणी आणली, बांधावरून पाच वर्षं धाकट्याशी बोलणं बंद होतं. तेव्हा दोघांना एका ताटावर बसवलं ते थोरल्या ताईनेच. तिची सही मात्र आम्ही त्याच्या आधीच घेतली होती.