रिपोर्टवरची १२५ ची रेघ मुलांसाठी नाही
बाळाच्या रिपोर्टमधल्या एनटी-प्रोबीएनपीच्या (हृदयावरचा ताण दाखवणारा रक्तातला पदार्थ) आकड्याबद्दल इथे विचारलंय. त्यावर 'एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या वर, म्हणजे फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलाच' असं वर कुणी लिहिलंय, ते पटलं नाही. १२५ पिकोग्रॅम ही मर्यादा मोठ्यांच्या हृदयविकारासाठी वापरतात आणि लॅब तीच सरसकट छापते. जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत धडधाकट बाळाचाही आकडा हजारांत असतो! मग तो झपाट्याने उतरतो, आणि पुढे वर्षानुवर्षं सावकाश कमी होत जातो. त्यामुळे दीडशे-दोनशे हा आकडा दोन वर्षांच्या मुलात अगदी सामान्य असू शकतो. बाळाचं वय न सांगता नुसता आकडा टाकला तर कुणी काय सांगणार?

दुसरं म्हणजे, हा पदार्थ फुफ्फुसांतून येतच नाही. हृदयाच्या स्नायूवर ताण आला की तो रक्तात उतरतो. ताण कशाचा, हे त्याला कळत नाही. हृदयातलं छिद्र, डाव्या बाजूचा बिघाड, मूत्रपिंडं मंदावणं, कशानेही तो वाढतो. उलट फुफ्फुसांकडे रक्त ढकलणारा हृदयाचा उजवा कप्पा अजून तग धरून असेल तर दाब वाढूनही आकडा बरा दिसतो. म्हणून निदान इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि शेवटी कॅथेटरनेच (रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन दाब मोजणं). रक्ततपासणी खरी उपयोगी पडते ती उपचार चालू असताना, त्याच मुलाचे आधीचे आकडे शेजारी ठेवून बघायला. फक्त मध्येच बीएनपी (याच्याच जोडीचा, हृदयातून येणारा पदार्थ) आणि एनटी-प्रोबीएनपी यांच्या तपासण्यांची अदलाबदल करू नका, दोन्हींची मापं निराळी आहेत.