मदत हवी आहे: चार महिन्यांच्या बाळाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घरचे म्हणतात थांबा

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीबद्दल विचारायचं आहे. बाळ चार महिन्यांचं झालं. दोन्ही बाहुल्यांच्या मधोमध दुधासारखं पांढरट दिसतं. खुळखुळा वाजवला की लगेच मान वळवते, पण तोच न वाजवता डोळ्यांसमोरून फिरवला तर तिला पत्ताच नसतो. दूध पिताना आईच्या तोंडाकडे बघत नाही. अलीकडे डोळे सारखे इकडून तिकडे हलताना दिसतात आणि मुठी डोळ्यांवर दाबून धरते.

पांढरं दिसतंय हे पहिल्याच महिन्यात बहिणीच्या लक्षात आलं होतं. लसीला नेलं तेव्हा विचारलं, तर "अजून लहान आहे, नजर बसायची आहे" असं ऐकून परत आली. पुढे तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून जन्मजात मोतीबिंदू असल्याचं सांगितलं, पण तान्ह्या बाळाला भूल द्यायची सोय त्यांच्याकडे नाही, म्हणून मोठ्या रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी घरात तशीच पडून आहे. एवढ्या लांब जायचं म्हणजे तिच्या नवऱ्याच्या कामाचा खाडा, थोरल्या मुलाला सांभाळायला कोणी नाही. त्यात तिच्या सासूबाईंचं म्हणणं, मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, वर्षाची होऊ दे, अंगात जरा ताकद येऊ दे. मला त्यांचा राग येत नाही. नातीवर त्यांचा फार जीव आहे, भुलीची त्यांना खरोखर धास्ती वाटते.

खरंच थांबलं तर चालतं का? चार महिने गेले म्हणजे वेळ निघून गेली का? आणि ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी मोठ्यांना कसं पटवलं? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी लहान मुलांच्या नेत्रविभागात परिचारिका आहे. एक दिवसही थांबू नका. पिकण्याची वाट आता म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूतही बघत नाहीत, आणि बाळाचा हिशेबच वेगळा. वयस्क माणसाचा मेंदू बघायला केव्हाच शिकलेला असतो. बाळाचा मेंदू पहिल्या काही महिन्यांत ते शिकत असतो. त्या काळात स्पष्ट चित्र पोचलंच नाही, तर पुढे मोतीबिंदू कितीही छान काढला तरी नजर अधू राहते. ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून हेच दाखवलं. दृष्टीवरच्या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. म्हणून दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असेल तर साधारण ६ आठवड्यांच्या आत आणि दोन्हीत असेल तर ८ ते १० आठवड्यांपर्यंत काढायचा प्रयत्न असतो.

डोळे हलायला लागणं ही उशीर होत असल्याची खूण आहे. तरी वेळ गेली असं समजून घरी बसू नका. शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाश या उपक्रमात जन्मापासून न दिसणाऱ्या, कित्येक वर्षं उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांनाही नजरेचा उपयोग करता येऊ लागला. तुमची भाची तर चारच महिन्यांची आहे.

आणखी एक, घाबरवायचं नाही पण सांगायलाच हवं: बाहुली पांढरी दिसण्यामागे क्वचित डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असतो, रेटिनोब्लास्टोमा. तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे नुसत्या टॉर्चवर विसंबू नका. थेंब घालून बाहुली मोठी करून तपासतात, आतलं दिसत नसेल तर सोनोग्राफी करतात. बहिणीला गरोदरपणात ताप आणि अंगावर पुरळ आलं होतं का, हेही डॉक्टरांना सांगा. तो रुबेला (गोवरासारखा एक आजार) असेल तर बाळाचं हृदय आणि कानही तपासावे लागतात, आणि हृदयाचं भूलतज्ज्ञांना आधी कळायलाच हवं.

निघण्याआधी रुग्णालयात फोन करून तारीख घ्या. बाळाला सर्दी-खोकला असेल तर भूल पुढे ढकलतात. लांबून आलेली माणसं अशी परत गेली की पुन्हा महिनोन् महिने येत नाहीत, हे मी फार बघते. सर्दी झालीच तर नवी तारीख हातात घेतल्याशिवाय निघू नका. आणि सासूबाईंना सोबत न्या. भुलीबद्दलच्या त्यांच्या शंका भूलतज्ज्ञांनाच समोर विचारू द्या. तुम्ही शंभरदा सांगून जे होणार नाही ते तिथे होईल.

प्रतिसाद

आमच्या मुलाच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तान्हेपणीच झालं. ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं आम्हाला वाटलं होतं, पण खरं काम तिथून सुरू होतं. इतक्या लहान वयात पुष्कळदा आत भिंग बसवत नाहीत, जाड काचेचा चष्मा देतात. तो नसेल तर ऑपरेशन होऊनही बाळाला धूसरच दिसतं. डोळा वाढतो तसा नंबर बदलतो, म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नका. एक डोळा मागे पडला तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागते. मूल रडतं, ओढून काढतं, घरात कोणाचं तरी मन विरघळतं. तिथे मात्र ठाम राहा. आणि पुढे काचबिंदूचा धोका असतो, त्यामुळे डोळ्यातला दाब वर्षानुवर्षं तपासून घ्यावा लागतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद बहिणीला फोनवर वाचून दाखवले, सासूबाईही ऐकत होत्या. त्या सोबत यायला तयार झाल्या आहेत. थोरल्याला मी माझ्याकडे आणते. रुग्णालयात फोन केला, या आठवड्यातच तपासणीला बोलावलंय. ताप आणि पुरळाचं विचारलं तर बहिणीला तिसऱ्या महिन्यात असं काहीतरी झाल्याचं आठवतंय, ते कागदावर लिहून ठेवायला सांगितलं आहे.

आता एवढंच सांगा, इतक्या लहान बाळाच्या डोळ्यांवर चष्मा टिकतो कसा? मागून पट्टा बांधायचा की तशी वेगळी फ्रेम मिळते?